उपचाराची खोली आणि बाहेरचे जग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस ‘मनाचे आरोग्य’ असा ऐसपैस विषय दिला होता. एवढे मोठे शेत नांगरणे तासाभरात शक्य नाही, म्हणून आम्ही त्यातला एकच बांध धरून चालणार आहोत. चिटणीसमहोदय क्षमा करतील अशी आशा आहे.

महाराष्ट्रात कुणी विचित्र वागू लागला की त्याला ठाण्याला किंवा येरवड्याला पाठविण्याची भाषा होते. इकडे ‘कांके भेज दो’ म्हणतात. आपण सारे त्या कांक्याच्या शेजारी रांचीत पोटापाण्यासाठी आलो आणि येथलेच झालो. त्यामुळे मुलामुलींच्या सोयरिकी जुळविताना ‘आम्ही रांचीचे’ असे सांगितल्यावर पलीकडच्या मंडळींच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटते ते आपणांपैकी अनेकांच्या ओळखीचे असेल. आमच्या बाबतीत तर ते स्मित दुप्पट रुंद होते, कारण आम्ही रांचीचे, आणि शिवाय धंदाही तोच.

आजचा आमचा प्रश्न असा. ज्याचे मन दुखावले आहे असा एक माणूस आणि त्याच्यावर उपचार करणारा दुसरा माणूस एका खोलीत बसतात, दार लावून घेतात, आणि बोलणे सुरू होते. अशा वेळी बाहेर दंगल उसळली, युद्ध पेटले, साथ आली, तर त्या दोघांमधील नात्याचे काय होते? हाडाच्या डॉक्टरला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. शहरात संचारबंदी असली तरी प्लास्टरमधले हाड आपल्या गतीने जुळतच असते. आमच्या कामाचे तसे नाही. आमच्याकडे गोळ्यांबरोबर, आणि पुष्कळदा गोळ्यांहून अधिक, ते नातेच गुण देते. ते बिघडले तर उपचारच बिघडला.

या नात्याचे जुने शास्त्र सांगते की डॉक्टरने स्वतःविषयी शक्यतो बोलू नये. वेळ ठरलेली, फी ठरलेली, खुर्ची ठरलेली. डॉक्टर जितका कोरा राहील तितके बरे, कारण मग रुग्ण आपल्या आईबापांविषयीचे, भावंडांविषयीचे जुने राग-लोभ त्या कोऱ्या माणसावर ओततो, आणि ते तेथे उघड्यावर आले की त्यांचा निचरा करता येतो. योजना उत्तम आहे. आम्ही स्वतः तिचे ऋणी आहोत. परंतु तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. ते असे, की वादळ रुग्णाच्या मनात आहे आणि डॉक्टर काठावर उभा आहे. बाहेरचे वादळ जेव्हा दोघांच्याही अंगावर येते, तेव्हा काठ उरत नाही.

ही योजना ज्याने घालून दिली त्या फ्रॉइडच्याच दवाखान्यात तिची कठोर परीक्षा झाली. १९१० साली ओडेसाकडील एका अतिश्रीमंत रशियन जमीनदाराचा तरुण मुलगा, सर्गेई पांकेयेव, व्हिएन्नास त्याच्याकडे आला. लहानपणी त्याला अक्रोडाच्या झाडावर बसलेले पांढरे लांडगे स्वप्नात दिसले होते, म्हणून तो या शास्त्राच्या इतिहासात ‘लांडग्यांचा माणूस’ या नावाने प्रसिद्ध आहे. चार वर्षे उपचार चालले. काम पुढे सरकेना म्हणून फ्रॉइडने शेवटी मुदत घातली, आणि १९१४ च्या उन्हाळ्यात उपचार संपले. त्याच सुमारास, २८ जून रोजी, सारायेव्हो येथे आर्चड्यूकचा खून झाला आणि महिन्याभरात युरोप युद्धात लोटला गेला. पुढे रशियात १९१७ ची क्रांती झाली. जमीनदाराच्या या मुलाचे घरदार, जमीनजुमला, बँकेतील ठेवी, सर्व गेले. १९१९ मध्ये तो पुन्हा व्हिएन्नास आला तो निष्कांचन होऊन.

येथून पुढची हकीकत आमच्या मते प्रत्येक मानसोपचारकाने वर्षातून एकदा वाचावी. पांकेयेवचे म्हणणे असे होते की त्या वेळी त्याला ओडेसास परत जाऊन मालमत्तेपैकी जे वाचेल ते वाचवायचे होते, परंतु फ्रॉइडने त्या इच्छेचा अर्थ उपचार टाळण्याची मनाची पळवाट असा लावला व त्याला थांबवून घेतले. तो थांबला, आणि मग जाण्याची वाटच बंद झाली. ही तक्रार तो म्हातारपणापर्यंत करीत राहिला. तो परत गेला असता तर मालमत्ता वाचली असती की जीवही गेला असता, हे कोण सांगणार? फ्रॉइडचा सल्ला कदाचित शहाणपणाचाही असेल. आमचा आक्षेप सल्ल्यावर नाही. बाहेर एक साम्राज्य कोसळत असताना त्याची बातमी घेऊन आलेल्या माणसाला ‘ही तुझ्या मनातली खेळी आहे’ असे सांगण्यात जो बेदरकारपणा आहे, त्यावर आहे. १९२३ साली आपल्या ग्रंथात घातलेल्या एका टीपेत फ्रॉइड असेही सुचवितो की या दैन्यामुळे रुग्णाच्या अपराधी भावनेचे समाधान झाले असावे आणि त्याची प्रकृती स्थिरावण्यास त्याचा हातभार लागला असावा. हे वाक्य आम्ही अनेकदा वाचले आहे. तर्क म्हणून ते नाकारता येत नाही. पण दिवाळे निघालेल्या माणसाच्या घरी समाचाराला जाऊन असे कुणी बोलले तर आपल्या आयाबहिणी त्याला चहा विचारणार नाहीत!

आणि तरीही हाच फ्रॉइड त्या माणसाशी अत्यंत दयाळूपणे वागला. त्याला फुकट तपासले, आणि पुढे कित्येक वर्षे दर वसंतात वर्गणी गोळा करून त्याला पैसे दिले. म्हणजे बुद्धीने तो बाहेरच्या घटनेला आत ढकलीत होता आणि हाताने तिची भरपाई करीत होता. याचा परिणाम मात्र विलक्षण झाला. १९२२ च्या सुमारास पांकेयेवच्या हाती घराण्याचे काही दागिने आले. ते त्याने फ्रॉइडपासून लपविले, कारण कळले तर मदत बंद होईल अशी त्याला धास्ती होती. ज्या नात्याचा पायाच ‘मनात येईल ते सर्व सांगावे’ हा, त्या नात्यात क्रांतीने आणलेल्या गरिबीने खोटेपणा आणला. पुढे १९२६ मध्ये त्याची प्रकृती पुन्हा बिघडली तेव्हा रूथ मॅक ब्रुन्स्विक या दुसऱ्या विदुषीने त्याला तपासले, आणि ही दागिन्यांची गोष्ट बाहेर आली.

आपल्याकडे फी माफ करणे हा डॉक्टरच्या थोरपणाचा भाग समजतात. आम्हीही गरजूंना ती माफ करतो. पण मानसोपचारात माफ केलेल्या फीचे ओझे कुणावर पडते हे पाहावे लागते. उपकृत माणूस रागवू शकत नाही, आणि जो रागवू शकत नाही त्याचे मन आम्हांला अर्धेच दिसते.

व्हिएन्नातच आणखी एक प्रसंग घडला, त्याची दिशा नेमकी उलटी आहे. १९३३ साली हिल्डा डूलिटल ही अमेरिकन कवयित्री फ्रॉइडकडे उपचारासाठी आली. पहिल्या महायुद्धाने तिच्या मनावर खोल जखम केली होती, आणि दुसरे युद्ध येणार या भयाने ती पछाडली होती. हिटलर नुकताच जर्मनीत सत्तेवर आला होता. व्हिएन्नाच्या पदपथावर खडूने काढलेली स्वस्तिके तिला दिसत, आणि ती थेट डॉक्टरांच्या दारापर्यंत पोहोचलेली असत. डॉक्टर ज्यू, वय सत्याहत्तरीकडे झुकलेले, शरीर कर्करोगाने पोखरलेले. जिच्या आजाराचा गाभाच युद्धाचे भय हा होता, तिने ते भय या डॉक्टरसमोर पुरते मांडले नाही. ज्याच्या दारावर संकट उभे आहे त्याच्यापुढे आपले भय काय मांडायचे, हा तिचा सभ्यपणा होता. पुढे फ्रॉइडविषयी लिहिलेल्या पुस्तकात तिने हे सांगितले आहे. डॉक्टर रुग्णाला सांभाळतो हे आपण जाणतो. रुग्णही डॉक्टरला सांभाळतो, आणि तसे करताना आपला आजार पदराखाली झाकून घरी घेऊन जातो, याकडे आमच्या ग्रंथांत फार थोडे लक्ष दिलेले आहे.

१९३८ च्या मार्चमध्ये नाझी फौजा व्हिएन्नात शिरल्या, आणि ४ जून रोजी फ्रॉइडने शहर सोडले. त्याच वसंतात पांकेयेवच्या पत्नीने आत्महत्या केली. ज्या शहरात तीस वर्षे आपले दुःख सांगायला दार होते, तेथे आता त्याला कुठलेच दार उरले नव्हते. ब्रुन्स्विकबाईंना गाठण्यासाठी तो त्या उन्हाळ्यात पॅरिसला व लंडनला गेला.

लंडनचे नाव निघाले म्हणून तेथलीही एक गंमत सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश मनोविश्लेषकांच्या संस्थेत सिद्धांतांवरून कडाक्याचे वाद चालले होते. अशाच एका सभेत विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ उभे राहिले आणि म्हणाले की बाहेर हवाई हल्ला सुरू आहे, हे मी निदर्शनास आणू इच्छितो. ते खाली बसले आणि चर्चा पूर्ववत चालू झाली, असे सांगतात. याच युद्धात, १९४१ साली, मेलनी क्लाइन यांनी स्कॉटलंडमधील पिटलॉख्री या गावी एका दहा वर्षांच्या मुलावर ९३ बैठकांत उपचार केले. खोलीच्या भिंतीवर नकाशा होता. मुलगा त्यावर युद्धाची वाटचाल पाही, जहाजांची व पाणबुड्यांची चित्रे काढी. बाई मूळच्या व्हिएन्नाच्या, आणि हिटलरही जन्माने ऑस्ट्रियन, हे त्या पोराच्या ध्यानातून सुटले नाही. बाईंनी या सर्वांतून त्याच्या मनातील आईबापांची चित्रे उलगडून दाखविली आहेत आणि त्यांची सूक्ष्मता थक्क करणारी आहे. तथापि वाचताना आम्हांस राहून राहून वाटते की त्या मुलाची एक शंका अगदी साधी होती. ‘तुम्ही कुणाच्या बाजूच्या?’ एवढेच त्याला विचारायचे असावे.

हा प्रश्न आपल्या देशातही विचारला गेला आहे, आणि तो या आपल्या कांक्याच्या रस्त्यावरच. १९१८ साली येथे युरोपियनांसाठी मनोरुग्णालय उघडले. त्याचे पुढचे प्रमुख ओवेन बर्कली-हिल हे कर्तबगार गृहस्थ होते, आणि १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. असहकाराची चळवळ देशभर पेटलेली असताना, १९२१ साली, याच गृहस्थांनी हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांचे मूळ बालपणीच्या मलविसर्जनाच्या सवयींत शोधणारा प्रबंध छापला! आपण हसता, आम्हीही प्रथम हसलो. परंतु त्यात मर्म आहे. राज्यकर्त्या जमातीचा डॉक्टर आपल्या अमलाखालील लोकांच्या मनाविषयी लिहितो तेव्हा त्याचा कोरेपणा कुठे असतो? तो आपल्या खुर्चीसह साम्राज्याच्या आत बसलेला असतो. फाळणीनंतर १९५० साली भारत आणि पाकिस्तान यांनी मनोरुग्णांची अदलाबदल केली. मंटोच्या ‘टोबा टेकसिंह’ कथेमुळे ती घटना सर्वश्रुत आहे. तेथेही रुग्णांना देश बदलून मिळाला, पण ज्यांच्या ओळखीवर त्यांचा दिवस सरत होता ते परिचारक व डॉक्टर मागे राहिले.

आता आमच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

१९८४ चा नोव्हेंबर आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवतच असेल. इंदिराजींच्या हत्येनंतर बोकारोत शिखांवर भयंकर हल्ले झाले. आम्ही त्या वेळी नुकतेच काम शिकत होतो. तिकडचे एक मध्यमवयीन सरदारजी निद्रानाशासाठी आमच्या वरिष्ठांकडे येत असत. तीन आठवड्यांनी ते आले ते पगडीवाचून, दाढी उतरवून. अर्धा तास ते झोपेविषयी, पचनाविषयी बोलले. आम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो आणि काय लिहावे ते सुचत नव्हते. वरिष्ठांनी शेवटी हलक्या आवाजात विचारले, “किसने काटे?” सरदारजी म्हणाले, “मैंने खुद।” मग ते रडले. त्यानंतर कितीतरी महिने झोपेचा विषय निघाला नाही.

२०२० च्या साथीत तर खोलीच नाहीशी झाली. २४ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली, आणि दुसऱ्याच दिवशी दूरध्वनीवरून व चित्रफोनवरून उपचार करण्याविषयीची सरकारी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. आमचे रुग्ण गच्चीवरून बोलत, न्हाणीघरातून बोलत, बंद मोटारीत बसून बोलत. आमच्या बाजूने त्यांना कुकरच्या शिट्ट्या ऐकू जात. पंचवीस वर्षे ज्यांना आमचे घर कुठे आहे हे ठाऊक नव्हते, त्यांना आमच्या देवघराच्या समईचा रंगही कळला. हात धुण्याच्या वेडाने गांजलेल्या एक बाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहब, आता सारे जग माझ्यासारखे झाले. आता आजारी कोण?” यावर आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते, आणि तिने ते मागितलेही नव्हते. प्रत्येक संभाषणाच्या आरंभी रुग्ण विचारीत, ‘आपण कसे आहात?’ एरवी हा शिष्टाचार. त्या काळात तो खराच प्रश्न होता, कारण डॉक्टर मरत होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका गृहस्थांचे वडील वारले. त्यांनी ते आम्हांला दीड महिना सांगितले नाही. का, तर मागच्या खेपेस त्यांना आमचा खोकला ऐकू आला होता. ती व्हिएन्नाची कवयित्री आम्हांस त्या दिवशी आठवली. तेव्हापासून आमची रीत अशी आहे की बाहेर मोठे काही घडले की रुग्णास आपण होऊन दोन वाक्यांत सांगून टाकावे: आम्ही ठीक आहोत, अथवा ठीक नाही पण काम करू शकतो, तुम्ही तुमचे बोला. याहून अधिक सांगू नये. आमची चिंता वाहण्यासाठी तो फी देत नाही.

शेवटचा प्रसंग आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि नाजूकही. १९ ऑक्टोबर २००८ रोजी मुंबईत रेल्वेच्या भरतीपरीक्षेस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. पाठोपाठ बिहारात गाड्या अडविल्या गेल्या, जाळपोळ झाली. दिवाळी आठवड्यावर होती. आपण कित्येक जण बाजारात मराठी बोलताना आवाज कसा खाली आणीत होतो, हे आपणांस आठवेल.

आमच्याकडे त्या पावसाळ्यापासून बावीस वर्षांचा एक तरुण येत असे. रात्री दाराची कडी वीस-वीस वेळा तपासून पाहण्याचे त्याला वेड होते. त्याचा थोरला भाऊ परीक्षेस मुंबईला गेला होता, तो डोक्याला टाके घेऊन परतला. मुलगा ठरल्या दिवशी आला, खुर्चीच्या टोकावर बसला, आणि म्हणाला, “आप मराठी हैं न?” आमचे आडनाव दारावर होते. त्याने ते पूर्वी शंभरदा वाचले होते.

शास्त्राप्रमाणे आम्ही म्हणायला हवे होते, ‘हा प्रश्न आज तुमच्या मनात का आला असावा?’ पण हे म्हणणे म्हणजे त्याच्या भावाच्या डोक्यावरचे टाके नाकारणे होते. दुसरी वाट अशी, की समस्त मराठी समाजाच्या वतीने त्याची क्षमा मागावी. मोह त्याचाच अधिक होता. पण मग आम्हांला क्षमा करण्याचे काम त्या पोराच्या गळ्यात पडले असते, आणि त्याचा राग जाण्यास जागाच उरली नसती. आम्ही म्हणालो, “होय, मराठी. तुमच्या भावाला मारले ते वाईट झाले. त्याला फार लागले काय?” त्यानंतर तो पाऊण तास आमच्यावर, आमच्या भाषेवर आणि आमच्या शहरावर (आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण तो भेद करण्याची ती वेळ नव्हती) जे बोलला ते आम्ही ऐकले. ते ऐकणे सोपे गेले असे म्हणत नाही. त्याच सकाळी आम्हांलाही एका रिक्षावाल्याने भाषेवरून उतरविले होते. तो आमचा अपमान होता, त्याच्या तासात त्याला जागा नव्हती.

पुढचे दोन आठवडे तो आला नाही. त्याची वेळ आम्ही दुसऱ्या कुणास दिली नाही, रिकामी ठेवून बसलो. तिसऱ्या आठवड्यात तो आला. भावाविषयी बोलला, मुंबईविषयी बोलला. आणि कितीतरी आठवड्यांनी, थंडी सरत आली असता, एके दिवशी त्याने सांगितले की आठव्या वर्षी बापाने त्याला मामाकडे शिकायला ठेवले, ती रात्र तो दाराकडे पाहत जागा होता. घराबाहेर काढले जाण्याची ती पहिली वेळ. ही गोष्ट आतली होती, आणि खरी होती. फ्रॉइडला ती नक्की दिसली असती. पण ऑक्टोबरात आम्ही ती त्याच्या तोंडात घातली असती तर त्याने ती आमच्यावरच थुंकली असती, आणि ते योग्यच झाले असते.

होळीनंतर त्याचे येणे थांबले, कडीचे वेड बरेच कमी झाले होते. शेवटच्या दिवशी जाताना भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’कडे बोट दाखवून त्याने विचारले, यात आमची छठ आहे का? आम्ही दोघांनी मिळून कार्तिकाचे पान उघडून पाहिले.